कमानीखालचा समुद्र : हप्ता तिसरा

पहिला दिवस, विषुववृत्त
ज्या कड्यासाठी इतक्या लांब आलो, ते इथून नुसती रेघ दिसतं. पूर्वेकडून निघून थेट डोक्यावरून पश्चिमेला बुडणारी. शनीची कडी एवढी विस्तीर्ण, तरी जाडीला बहुतेक ठिकाणी जेमतेम दहा-वीस मीटर. हेही तसंच, आणि इथून त्याची धारच समोर येते. रंग मात्र शनीसारखा उजळ नाही, करडा-तांबूस आहे. ताऱ्याच्या इतक्या जवळ, जिथे पाणी पातळ राहतं, तिथे बर्फाचं कडं टिकत नाही, वाफ होऊन जातं. हे कडं खडकाचं आहे. वस्तीचा सगळा प्रश्न मला इथेच अडकलेला दिसतो.

दुसरा दिवस
लाटा प्रचंड. किनाराच नसल्यामुळे त्यांना अडवणारं काही नाही. भरती-ओहोटी मात्र अगदी क्षीण. इथला चंद्र रोश मर्यादेच्या आत सरकला आणि फुटला, त्याचंच हे कडं. चंद्र एका बाजूने ओढायचा. कडं सगळीकडून सारखं ओढतं, म्हणून पाणी चढत नाही.

तिसरा दिवस
आज तळ कळला. सुमारे शंभर किलोमीटर खोल, आणि तोही बर्फाचा! दाब दहा हजार वातावरणांच्या घरात गेला की कोमट पाणीसुद्धा गोठतं, आणि तो बर्फ पाण्याहून जड असल्याने खालीच राहतो. आपली मारियाना गर्ता अकरा किलोमीटरची. खरा खडक या बर्फाच्या थराखाली बंद आहे.

पृथ्वीवर पाऊस डोंगर झिजवतो, नद्या त्यातला फॉस्फरस समुद्रात आणतात, त्यावर शेवाळ वाढतं, शेवाळावर मासे जगतात. त्याच झिजेमुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड चुनखडीत अडकतो आणि लाखो वर्षांच्या हिशेबात हवामान ताळ्यावर राहतं. इथे झिजायला डोंगरच नाहीत. शनीचा एन्सेलडस केवढासा, पण त्याच्या समुद्रात फॉस्फेट असल्याचं २०२३ मध्ये कॅसिनीच्या नोंदींवरून कळलं. तिथलं पाणी खडकाला भिडलेलं आहे. आमच्या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी खोलवरचं पाणी तीनदा तपासलं. फॉस्फेट जवळपास नाहीच.

चौथा दिवस
वादळ. काही मोजता आलं नाही.

पाचवा दिवस, उत्तर अक्षांश ३५
इथे कडं रुंद कमान होऊन दक्षिणेचं आकाश व्यापतं. मध्यरात्री तिच्या मधोमध ग्रहाची सावली पडून काळी खाच दिसते. इतकं सुंदर आकाश मी पाहिलेलं नाही. तरी इथे घरं बांधू नयेत. हिवाळ्यात सूर्य कड्याच्या पलीकडे जातो आणि सावली नेमकी या पट्ट्यावर येते. आज भर दुपारी सौरपट्ट्यांची वीज निम्म्याहून खाली आली. थंडी आणि अंधार एकाच ऋतूत.

सहावा दिवस, पुन्हा विषुववृत्त
गाळण्यांवर करडी धूळ जमली आहे. शनीच्या कड्यांतून विषुववृत्ताकडे द्रव्य झरतं, हे कॅसिनीने २०१७ मधल्या शेवटच्या फेऱ्यांत टिपलं होतं. इथे तसंच घडतं आहे, आणि या धुळीत फॉस्फरस आहे, लोहही आहे. पण जिथे धूळ पडते तिथेच दगडही पडतात. सुमारे ४६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीलाही कडं असावं, असं २०२४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडलं, ते विषुववृत्ताजवळ दाटलेल्या विवरांवरूनच.

बाई म्हणाल्या, “दोन-तीन अंश बाजूला सरकू. धूळ मिळेल, दगड कमी लागतील.” मला ते पटलं. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो. तेवढा साठा प्रत्येक जन्मणाऱ्या बाळासाठी आधी हाताशी हवा, आणि मैल्यातला कणही वाया जाता कामा नये. उद्यापासून जाळ्या लावून रोजची धूळ तोलायची. आकडे महिनाभर स्थिर राहिले, तरच कुटुंबांना बोलवायचं. तोवर इथे फक्त तपासणी पथक राहील, असं अहवालात लिहिलं आहे.