परत आलेल्यांचा दिवस

जानेवारी महिना उजाडला, की आमच्या कोल्हापूरच्या आसमंतात गुळाचा खमंग वास दरवळू लागतो. नदीकाठच्या मळ्यांतून गुऱ्हाळे पेटलेली असतात, बाजारात गुळाच्या रव्यांच्या थप्प्या लागतात आणि घराघरांतून तीळ भाजल्याचा वास येऊ लागतो. मग संक्रांत येते. लहान मुले वडीलधाऱ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवतात, त्यांच्या पाया पडतात आणि वर्षभर गोड बोलण्याचे वचन घेतात व देतात. हा सण कधी 14 जानेवारीस येतो, तर कधी एक दिवस पुढे सरकतो.

या 14 जानेवारीचे आणखी एक महत्त्व आहे. 2016 सालापासून आपल्या देशात हा दिवस माजी सैनिकांच्या सन्मानार्थ पाळण्यात येतो. लष्कर, नौदल आणि वायुदल या तिन्ही दलांतून सेवा करून घरी परतलेल्या सर्व सैनिकांचा तो दिवस होय. मात्र सणाच्या गडबडीत पुष्कळांना त्याचा विसर पडतो.

या दिवसासाठी हीच तारीख का निवडली असावी, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. 14 जानेवारीस आपण एखादी लढाई जिंकली, असे मुळीच नाही. कोडगूचे सुपुत्र जनरल करिअप्पा हे 15 जानेवारी 1949 रोजी स्वतंत्र भारताच्या सैन्याचे पहिले भारतीय सरसेनापती झाले. चार वर्षे ती धुरा वाहून ते 14 जानेवारी 1953 रोजी निवृत्त झाले. सरसेनापती ज्या दिवशी आपला अधिकार उतरवून ठेवून सामान्य नागरिक झाला, तोच दिवस माजी सैनिकांसाठी निवडण्यात आला. मला ही निवड फार अर्थपूर्ण वाटते. गणवेश चढविण्याचा दिवस वाजतगाजत येतो. तो उतरविण्याचा दिवस मात्र बहुधा मुकाट्याने येतो आणि मुकाट्यानेच जातो.

करिअप्पांचा सैनिकांवर केवढा जीव होता, याविषयी एक हकीकत सांगतात. 1965 च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांचे चिरंजीव वैमानिक म्हणून लढत होते. त्यांचे विमान पडले आणि ते शत्रूच्या हाती सापडले. त्या वेळचे पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान हे फाळणीपूर्वी करिअप्पांबरोबर एकाच सैन्यात होते. जुनी ओळख स्मरून त्यांनी मुलाला सोडण्याची तयारी दर्शविली. तेव्हा निवृत्त सेनापतींनी उत्तर पाठविले, की तुमच्या कैदेतील सारेच भारतीय जवान माझे मुलगे आहेत. माझ्या एकट्याच्या मुलाला वेगळी वागणूक नको. अंगावरचा गणवेश उतरून बारा वर्षे लोटली होती, तरी आतला सेनापती जागाच होता.

सैनिकांच्या स्मरणाचे आणखीही काही दिवस आपण पाळतो. 16 डिसेंबर हा 1971 च्या युद्धातील विजयाचा दिवस. 26 जुलै हा 1999 च्या कारगिल युद्धातील विजयाचा दिवस. 7 डिसेंबर हा ध्वजदिन. 1949 सालापासून त्या दिवशी लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या रंगांचा एक छोटासा ध्वज आपल्या छातीवर लावला जातो. लाल रंग लष्कराचा, गडद निळा नौदलाचा आणि फिकट निळा वायुदलाचा. त्या वेळी आपण डब्यात टाकलेल्या नाण्यांतून हुतात्म्यांच्या कुटुंबांना, जखमी जवानांना आणि माजी सैनिकांना साहाय्य मिळते. परदेशांतही अशी प्रथा आहे. पहिले महायुद्ध 11 नोव्हेंबर 1918 रोजी थांबले. त्याची आठवण म्हणून इंग्लंडात त्या सुमारास लोक खसखशीचे तांबडे कागदी फूल छातीवर लावतात आणि दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतात.

विजयाच्या दिवशी आपण जल्लोष करतो, हुतात्म्यांच्या स्मारकापाशी मस्तक नमवितो. हे योग्यच आहे. पण जो परत आला त्याचे काय? कारगिलच्या युद्धात आपले 527 जवान धारातीर्थी पडले. त्यांची संख्या आपल्याला पाठ असते. त्याच युद्धात 1,300 हून अधिक जवान जखमी झाले, ही संख्या सहसा कोणाच्या तोंडी नसते. ते घरी आले, त्यांनी पुन्हा संसार मांडले आणि आज ते आपल्याच गावांतून, आपल्याच रस्त्यांवरून चालत आहेत.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात तर अशी माणसे पावलोपावली भेटतात. संस्थानच्या काळात येथे राजाराम रायफल्स नावाची पलटण होती. 1949 मध्ये संस्थान विलीन झाले आणि ती पलटण पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत सामील झाली. शिरोळ तालुक्यातील टाकळी या गावाने पिढ्यान् पिढ्या इतके जवान सैन्यात धाडले, की लोक त्या गावाला सैनिक टाकळी असेच म्हणू लागले. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात हेही याच मातीतले. त्यांचा जन्म 1906 साली वडगाव येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात लढले. 1953 मध्ये कोरियातील युद्ध थांबल्यावर तेथील हजारो युद्धकैद्यांचा सांभाळ करण्यासाठी भारताने जे दल पाठविले, त्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते. पुढे पूर्व विभागाचे सेनापती असताना त्यांनी चीनकडून संभवणाऱ्या धोक्याची स्पष्ट सूचना दिली. 1961 मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी तो धोका खरा ठरला.

‘माजी सैनिक’ हा शब्द ऐकला, की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या मिशांचा, छातीवर पदके लावलेला एखादा वृद्ध उभा राहतो. वस्तुतः साधा जवान पंधरा-सतरा वर्षांची सेवा करून पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. 2022 पासून अग्निवीर म्हणून भरती होऊ लागलेल्या तरुणांपैकी बहुतेकांची सेवा तर चारच वर्षांची ठरविलेली आहे. तेव्हा माजी सैनिक हा बँकेच्या दारावरचा पहारेकरी असेल, उसाला पाणी पाजणारा शेतकरी असेल किंवा तुमच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मुलाचा बापही असेल. त्याच्या कपाळावर काही लिहिलेले नसते.

आमच्या गल्लीत असे एक निवृत्त हवालदार राहतात. दिवसा ते एका दुकानात हिशेब लिहितात आणि पहाटे सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांना रंकाळ्याच्या काठाने पळावयास लावतात. मुले पळत असतात, तेव्हा ते एका जागी उभे राहून घड्याळ पाहतात. कोल्हापूरच्या माणसाच्या पायांत कोल्हापुरी वहाण असावयाची. पण त्यांच्या पायांत उन्हाळा-पावसाळा बूटच. लोक म्हणत, “लष्करी शिस्त! ती कुठली सुटते!”

एका संक्रांतीस मी त्यांच्याकडे तिळगूळ द्यावयास गेलो होतो. गल्लीतील चार-पाच मुलेही आली होती. त्यांपैकी एकाने धिटाईने विचारले, “काका, कारगिलच्या लढाईत तुम्ही किती शत्रू मारले?”

हवालदार हसले. “अरे, मी तिथं हमाली केली,” ते म्हणाले. “अंधार पडला, की पाठीवर दारूगोळा आन् पाण्याचे डबे घेऊन डोंगर चढायचा. उजाडायच्या आत खाली यायचं. दिवसा हललो, तर वरनं शत्रूला दिसायचं.”

मुलाचे तोंड उतरले. “एवढंच?” तो म्हणाला.

“एवढंच. पण वर पाणी पोचलं नसतं, तर बंदूक धरणाऱ्याचा हात चालला नसता बघ.” मग थोडे थांबून ते सांगू लागले, “एका रात्री दुसऱ्या पलटणीतला एक जखमी गडी खाली आणायचा होता. वाटेतच उजाडलं. दिवसभर आम्ही दोघं एका दगडाआड पडून राहिलो. तो गुंगीत आपल्या मुलखाच्या बोलीत काहीबाही बोलत होता. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण पाणी मागत होता, तेवढं कळलं. बर्फात बूट भिजून गेले होते. पुढं दवाखान्यात उजव्या पायाचा अंगठा आन् शेजारचं बोट काढावं लागलं.”

कोल्हापुरी वहाणेला पायाचा अंगठा अडकविण्यासाठी चामड्याचे एक वेढे असते. ज्याला अंगठाच नाही, त्याच्या पायात ती वहाण ठरावयाची कशी? मुलांच्या नजरा नकळत त्यांच्या बुटांकडे वळल्या. कोणी काही बोलेना. मग त्याच मुलाने हळूच विचारले, “आणि तो माणूस?”

“जगला की!” हवालदारांचा चेहरा उजळला. “दर संक्रांतीला त्याचा फोन येतो. त्याच्या मुलखात या सणाचं नाव निराळं आहे, पण फोन चुकत नाही.”

इतकी वर्षे ते त्या गल्लीत राहत होते. परंतु ही हकीकत त्यांना त्यापूर्वी कोणी विचारली नव्हती आणि त्यांनीही ती आपण होऊन सांगितली नव्हती. पुष्कळ सैनिकांचे असेच असते. जे सोसले ते बोलून दाखविण्याची त्यांना सवय नसते. कित्येकांच्या जखमा बुटाआड असतात, तर कित्येकांच्या मनाआड. काहींना वर्षानुवर्षे रात्री दचकून जाग येते, फटाक्याच्या आवाजाने छाती धडधडते. अशा जखमांना पदक मिळत नाही.

ज्यांचे कर्तृत्व साऱ्या जगाने पाहिले, अशांचीही आपल्याला किती उशिरा आठवण होते, याचे उदाहरण आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातच आहे. मुरलीकांत पेटकर हे मूळचे तेथल्या पेठ या गावचे. सैन्यात असताना ते उत्तम मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि विशीच्या उंबरठ्यावरच कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुष्टियुद्ध संपले. तेव्हा ते पोहू लागले. ज्या पाण्यात पायांचा उपयोग नव्हता, त्या पाण्यात त्यांनी हातांच्या बळावर वाट काढली. 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धांत 50 मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळविले. त्या स्पर्धांत भारताला मिळालेले ते पहिलेच सुवर्णपदक होते. त्यांना पद्मश्री मिळाली ती 2018 मध्ये! पदक जिंकल्यापासून मधे शेहेचाळीस वर्षे लोटली होती.

हा हिशेब माझ्या मनातून जात नाही. शेहेचाळीस वर्षांत मुले मोठी होतात, त्यांची मुले शाळेत जाऊ लागतात. सुदैवाने पेटकरांना तो मान डोळ्यांनी पाहता आला. जे त्याआधीच निघून जातात, त्यांचे आपण काय देणे फेडणार? मृतांच्या स्मारकावर फूल केव्हाही वाहता येते. जिवंत माणसाची विचारपूस मात्र तो जिवंत असतानाच करावी लागते.

यासाठी फार मोठे काही करावे लागते असे नाही. सरकारचे काम सरकारने करावे. निवृत्तिवेतन, औषधोपचार आणि नोकरी यांची व्यवस्था वेळेवर व्हावी. त्यासाठी अनेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये असतात. आपल्या वाट्याचे काम निराळे आहे. आपल्या गावात, आपल्या आळीत कोण कोण सैन्यात होते, हे आपल्याला ठाऊक असावे. ते कोठे कोठे राहिले, तेथे थंडी किती होती, घरचे पत्र किती दिवसांनी येई, त्यांचे सोबती आता कोठे आहेत, हे त्यांना विचारावे आणि ते सांगतील तेवढे शांतपणे ऐकावे. त्यांना बोलावेसे वाटले नाही, तर आग्रह करू नये. त्यांच्या तोंडून लढाईच्या शौर्यकथा निघतीलच असे नाही. बहुधा ते कुठल्याशा पाण्याच्या डब्याविषयी, भिजलेल्या बुटाविषयी, दुसऱ्या मुलखातल्या एखाद्या मित्राविषयी बोलतील. पण देशाचे रक्षण अशाच लहानसहान कष्टांच्या राशीवर उभे असते.

14 जानेवारी पुढच्या वर्षीही येईल. तिळगुळाच्या वाट्या घेऊन तुम्ही घरोघरी जाल. त्या वाटेत एखादे घर माजी सैनिकाचे असेल, तर तेथे क्षणभर अधिक थांबा.