माळ्यावरच्या सांगाड्यापासून वेरूळपर्यंत

दोस्तांनो, तुमच्या सायकलचं डावं पायडल कुठल्या बाजूला फिरवलं की सुटतं, सांगा पाहू? उजवं नेहमीच्या स्क्रूसारखं सुटतं. डावं मात्र बरोब्बर त्याच्या उलट! त्याचे आटे मुद्दाम उलटे पाडलेले असतात. तसे नसते, तर पायडल मारता मारता ते सैल होऊन रस्त्यात गळून पडलं असतं.

मला हे कळलं 1994 च्या उन्हाळ्यात. तेव्हा मी नववीत जाणार होतो. आमचं शहर औरंगाबाद. 2023 साली त्याचं सरकारी नाव छत्रपती संभाजीनगर झालं. मामाच्या जुन्या सायकलचा पोलादी सांगाडा आमच्या माळ्यावर धूळ खात पडला होता. ना चाकं, ना चेन, ना सीट. मी जाहीर केलं, "याची सायकल करणार आणि वेरूळला जाणार!" घरचे हसले. मी सांगाडा खांद्यावर टाकला आणि पैठण गेटजवळच्या चाचांचं दुकान गाठलं.

चाचांनी आधी काय मागावं? चक्क दोरा! मागच्या चाकाच्या एका खाचेतून तो पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणला. मग मधल्या उभ्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर पट्टीने मोजलं. सारखं भरलं. म्हणजे सांगाडा सरळ. "लोखंड चांगलं, बेटा," ते म्हणाले. "वाकलं तर सरळ करता येतं. तुटलं तर कुठल्याही गावातला वेल्डिंगवाला जोडून देतो." लांबच्या प्रवासाला पोलादाची सायकल का निवडतात, ते मला तिथंच समजलं.

तुम्हाला ठाऊक आहे? 1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले होते. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघं 1928 साली परत आले. तोवर त्यांनी 70,000 किलोमीटरहून जास्त अंतर कापलं होतं. मला तर जेमतेम 30 किलोमीटरवर जायचं होतं!

मग रोज संध्याकाळी काम सुरू झालं. आधी चिमटा बसवला. वर-खाली वाट्यांत ग्रीस भरून त्यात एकेक छर्रा ठेवायचा. फार आवळलं तर हँडल जड होतं, सैल राहिलं तर खडखडतं. मग पायडलचा मधला अ‍ॅक्सल बसवला आणि मग चाकं.

चाकांनी माझा घाम काढला. पुढच्याला 32 तारा, मागच्याला 40. एकेक तार इतकी बारीक, की हाताने दाबली तर वाकावी. मग ती आपलं वजन कशी पेलते? गंमत अशी, की सगळ्या तारा ताणलेल्या असतात. त्या ताणावरच चाक उभं असतं. चाक फिरवून पाहायचं. रिम उजवीकडे झुकत असेल, तर तिथली डावीकडची तार पाव फेरा आवळायची. याला म्हणतात 'आउट काढणं'. मी घाईने पूर्ण फेरा द्यायचो, की चाचांचा आवाज यायचा, "हल्लू, हल्लू!"

घाटासाठी त्यांनी एक युक्तीही सांगितली. पुढच्या चक्राला 44 दात होते. मागे 18 दातांचं फ्रीव्हील बसवलं, तर पायडलच्या एका फेऱ्यात 26 इंची चाकाची सायकल सुमारे 5 मीटर जाते. 22 दातांचं बसवलं, तर 4 मीटरच्या आसपास. अंतर कमी, पण पायाला जोरही कमी लागतो. आम्ही 22 चं बसवलं.

शनिवारी रात्री फक्त मागच्या ब्रेकची रबरं उरली होती. दुकान बंद झालं होतं. चाचांनी बजावलं होतं, "निघायच्या आधी मला दाखव." पण मला धीर कुठला! मी ती घरीच बसवली आणि रविवारी पहाटे मावसभावासोबत निघालो.

छावणी, पडेगाव, मिटमिटा मागे पडले. दौलताबादचा किल्ला समोर आला आणि घाट सुरू झाला. या घाटात रस्त्यावरच एक जुनी दगडी वेस लागते. तिच्यातून धापा टाकत वर चढलो, खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन घेतलं आणि उतरून वेरूळला पोचलो.

कैलास लेणं पाहिलंत ना? आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे काम. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय. मावसभाऊ म्हणाला, "इथं एक घाव चुकला असता तर?" मी ऐटीत म्हणालो, "सायकलचं तसं नाही. चुकलं तर उघडून परत बसवता येतं!"

परतताना तोच घाट उताराचा झाला. सायकल सुसाट निघाली. वळणावर मी मागचा ब्रेक दाबला. खट्‌ खट्‌! दोन्ही रबरं निसटून रस्त्यावर उडाली. समोर वेस, आणि वेशीतून वर येणारी एस. टी.! नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला तर तोंडावर आपटणार. मी तो जरा जरा दाबत सायकल कडेच्या मातीत घातली. गुडघे फुटले. एस. टी. शेजारून निघून गेली.

दौलताबादपर्यंत सायकल हातात धरून चालत आलो. तिथल्या पंक्चरवाल्याने नवी रबरं टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी चाचांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी ब्रेकचा पत्र्याचा कप माझ्या हातात ठेवला. त्याचं एक तोंड उघडं, एक बंद. फिरणारी रिम रबराला पुढे ओढते, म्हणून बंद तोंड पुढे हवं. मी उलटं बसवलं होतं! मग त्यांनी मला सगळी सायकल पुन्हा तपासायला लावली, प्रत्येक नट आणि प्रत्येक तार. दोन तास लागले.

कैलासासमोर मारलेली बढाई मला तेव्हा आठवली. चुकलेलं उघडून परत बसवता येतं खरं, पण ते घरी, अंगणात. घाटाच्या उतारावर कसं येणार?

तेव्हा दोस्तांनो, सायकल जरूर जोडा. हात काळे होऊ द्या. पण निघण्याआधी एखाद्या जाणत्याला दाखवा. आणि आत्ता, हा अंक खाली ठेवलात की आधी तुमच्या सायकलच्या ब्रेकची बंद तोंडं कुठल्या बाजूला आहेत, ते पाहून या बरं!