मॅक ५ ला गिरकी

कॉलेजात 'गेन' हा शब्द परीक्षेपुरता. त्याचा खरा अर्थ कळला एक्स-१५ बद्दल वाचताना. विमान डगमगलं की शेपटाचे पंख किती जोरात हलवायचे, तो गेन. विरळ हवेत जास्त, दाट हवेत कमी. आणि हे रॉकेट-विमान तो आपला आपण ठरवायचं. भारीच ना!

१५ नोव्हेंबर १९६७. ८१ किमी उंची गाठून उतरताना मायकेल अ‍ॅडम्सचं विमान मॅक ५ ला गरगरायला लागलं. पठ्ठ्याने त्यातूनही ते सावरलं! पण मग यंत्रणाच हेलकाव्यांत अडकली. हवा दाट होत गेली, गेन काही उतरेना. विमान हवेतच तुटलं, अ‍ॅडम्स गेला.

आमचा सर्व्हर असा अडकला की आम्ही रिस्टार्ट मारून चहाला जातो. त्याच्यापाशी अर्धं मिनिटही नव्हतं.