परसबागेची माती

शाळेच्या इमारती आणि परीक्षांचे निकाल यांचा आढावा या स्मरणिकेत अन्यत्र येईलच. आम्ही येथे वसतिगृहामागील दहा गुंठे भाजीपाल्याविषयी लिहीत आहोत. कारण तेथे आमच्या हातून एक अन्याय घडला आणि त्याची नोंद राहावी असे वाटते.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात वांगी व टोमॅटो यांची कोवळी पाने पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या राहत. परसबाग नववीच्या तुकडीकडे होती. पुराव्यावाचून निष्कर्ष काढू नये, हे आम्ही इतिहासाच्या तासाला नित्य सांगत आलो. तरीही मुले पाणी देण्यात कुचराई करतात, असा ठपका ठेवून मोकळे झालो. एक मुलगा एवढेच म्हणाला, "सर, पाणी रोज देतो. नवीन पानच पिवळं निघतंय." आम्ही ते उद्धट उत्तर मानले आणि युरियाची आणखी एक मात्रा द्यायला लावली. पिवळेपणा हटला नाही.

अखेर त्याच मुलाच्या शेतमजूर वडिलांनी माती तपासून घेण्याचे सुचवले. मार्चमध्ये रान मोकळे झाल्यावर मुलांनी नागमोडी चालत दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेतले. बांधालगतची, झाडाखालची आणि खताच्या ढिगाजवळची जागा टाळली. सारी माती एकत्र मिसळून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, असे करत अर्धा किलो नमुना राखला. तो सावलीत वाळवून, खताच्या गोणीत न घालता, स्वच्छ कापडी पिशवीतून प्रयोगशाळेकडे पाठवला.

अहवाल आला : सामू ८.३, सेंद्रिय कर्ब कमी, स्फुरद कमी, पालाश भरपूर, उपलब्ध लोह अपुरे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असते. परंतु सामू अधिक असल्याने मुळांना ते घेता येत नाही. 'नाही' आणि 'मिळू दिले जात नाही' यांतील अंतर आमच्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवरील निबंधात दाखवून दिले होते, की केवळ आकारावरून जमीन किफायतशीर ठरत नाही; तिच्यावर लागणारे भांडवल व श्रम यांचे प्रमाणही पाहावे लागते. हा निबंध आम्ही वर्गात शिकवला होता. मुलांना जोखताना मात्र वरवरचा रंग तेवढा पाहिला.

त्या संध्याकाळी वंदनेनंतर आम्ही साऱ्या तुकडीची जाहीर क्षमा मागितली. पावसाळ्यात ताग पेरून फुलोऱ्यापूर्वी जमिनीत गाडला, कंपोस्ट वाढवले, युरिया आवरला. पुढील लागवडीवर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस या प्रमाणात फवारणी केली. वांग्यांनी हिरवा रंग धरला. टोमॅटो अजून मनासारखा नाही. कर्ब एका हंगामात वाढत नसतो.

तो मुलगा दहावी होऊन गेला. परसबागेच्या वहीत नमुना घेणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव त्याच्याच अक्षरात आहे. त्याखाली आम्ही लिहिले आहे : आधी माती तपासावी, मग बोलावे. येत्या मार्चमध्ये पुन्हा नमुना घ्यायचा आहे. फावडे आता आठवीच्या हाती आहे.