फुगलेल्या कॅपॅसिटरची साक्ष

या धाग्यात आज किल्ला नाही, तह नाही. विषय आहे करंगळीच्या पेराएवढी ॲल्युमिनियमची एक डबी.

१९९९ ते २००७ या काळातला एखादा संगणक कुणाच्या माळ्यावर पडून असेल, तर त्याचे झाकण काढून प्रोसेसरच्या आसपास पाहावे. अशा डब्यांची एक रांग दिसेल. त्यांचा माथा सपाट असायला हवा. तो फुगला असेल, किंवा त्यावरच्या खाचेतून तपकिरी राळेसारखे काही बाहेर येऊन वाळले असेल, तर आपण बहुधा एका जागतिक साथीचा अवशेष पाहत आहात. तिला ‘कॅपॅसिटर प्लेग’ असे नाव पडले. प्लेग म्हटले की आपल्याला १८९७चे पुणे आठवते. या प्लेगमध्ये माणसे दगावली नाहीत, मात्र यंत्रे असंख्य दगावली आणि चोरीची एक कथा मागे राहिली.

आधी डबीचे काम समजून घेऊ. त्या काळच्या प्रोसेसरला जेमतेम दीड-पावणेदोन व्होल्ट लागत, पण विद्युतप्रवाह मात्र कित्येक अँपिअर. तो पुरवणारे परिपथ सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात. त्या हिसक्यांतून संथ पुरवठा करायचा तो या कॅपॅसिटरांनी. नळाला पाणी खंडित येत असले तरी घरातली धार टिकवणाऱ्या गच्चीवरच्या टाकीसारखा. डबीत ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये कागद, अशी गुंडाळी असते आणि ती एका द्रावणात भिजवलेली असते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस जपानी कंपन्यांनी, विशेषतः रुबिकॉनने, या द्रावणात पाण्याचे प्रमाण बरेच वाढवले. अंतर्गत रोध घटला, खर्चही घटला. पण पाणी हे ॲल्युमिनियमचे वैरी. दोहोंचा संयोग झाला की हायड्रोजन वायू सुटतो. त्याला आवर घालणारी पूरक रसायने द्रावणात असावी लागतात आणि जपानी सूत्रातले खरे ज्ञान तेच होते.

आता कथा. २००२ आणि २००३ साली तांत्रिक नियतकालिकांत वृत्त आले ते असे: रुबिकॉनमधील एक शास्त्रज्ञ चीनमधील एका कंपनीत गेला आणि तिथे त्याने ते द्रावण पुन्हा तयार केले. पुढे त्याच्याच हाताखालच्या मंडळींनी सूत्र तैवानला पळवले, परंतु अर्धवट. आवर घालणारी रसायने त्यातून गळाली. तैवानी कारखान्यांनी लाखोंनी कॅपॅसिटर बनवले आणि ते वर्षा-दोन वर्षांत फुगू लागले. एबिट या मदरबोर्ड कंपनीने दोष उघडपणे मान्य केला. इतर बहुतेकांनी मौन पाळले.

कथा सुरस आहे. आज ती सिद्ध सत्य म्हणून सर्रास सांगितली जाते. मला तिची शहानिशा करावीशी वाटली, कारण तसलाच एक बोर्ड माझ्या टेबलावर होता.

माझ्या आजोबांनी निवृत्तीनंतर गावच्या देवस्थानच्या मोडी कागदांचे बाळबोधीत लिप्यंतर केले, तेही थेट संगणकावर. मूळ कागद पुढे एका पावसाळ्यात भिजून लगदा झाले. लिप्यंतराची छापील प्रत सगळे काम पुरे झाल्यावर काढायची, असा आजोबांचा बेत होता. तो त्यांच्याबरोबर गेला. डिस्क शाबूत होती, परंतु फायली युनिकोडपूर्व काळातल्या. नव्या संगणकावर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. त्या वाचणारे सॉफ्टवेअर विंडोज ९८वर चाले आणि प्रिंटरच्या खोबणीत डोंगल नावाचे कुलूप लावल्याखेरीज उघडत नसे. तसा दुसरा जुना बोर्ड शोधला असता, तरी त्याला हाच रोग नसेल याची हमी कोण देणार? तीन दुकानांत एकच सल्ला मिळाला: भंगारात घाला.

प्रोसेसरपाशी 9 कॅपॅसिटर होते, १५०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्टचे. पाच फुगलेले, चार दिसायला निरोगी. बुधवार पेठेतल्या दुकानदाराने सवयीने साधे काढून दिले. “हे घ्या की, आकडे तेच आहेत.” मी म्हटले, “काका, लो ईएसआरवाले हवेत.” त्यांनी चष्मा वर केला आणि मग आतल्या खोलीतून वेगळा डबा आणला. आकडे सारखे असले तरी साध्या कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध जास्त असतो; या जागी तो तापून लवकर मरतो.

डाख काढताना बोर्डाचे वय उपयोगी पडले. युरोपीय संघाचा शिसेबंदीचा नियम १ जुलै २००६ रोजी लागू झाला. त्याआधीच्या बोर्डांवर बहुधा कथील-शिशाचा डाख असतो आणि तो सुमारे १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. नंतरच्या शिसेविरहित डाखाला ३०-४० अंश अधिक लागतात. तरीही जमिनीच्या जोडणीकडचा पाय हट्टाने सुटत नाही, कारण बोर्डातला तांब्याचा थर सारी उष्णता पिऊन टाकतो. तिथे थोडा ताजा डाख घातला की जुना सैल होतो. भोके मोकळी करायला लाकडी दातकोरणे उत्तम, त्याला डाख चिकटत नाही. ऋण टोकाची खूण बहुतेक बोर्डांवर पांढऱ्या अर्धवर्तुळाने करतात, पण काही उत्पादकांनी ती उलट वापरली आहे. म्हणून आधी छायाचित्र काढून ठेवावे. उलटा बसलेला कॅपॅसिटर फुटतो.

काढलेले नऊही मीटरवर तपासले. निरोगी दिसणाऱ्या चारांपैकी दोन आतून मेलेलेच निघाले.

तर या डब्या कशाची साक्ष देतात? आत वायू साठल्याची. २००४ साली अमेरिकेत झालेल्या रासायनिक पृथक्करणात बिघडलेल्या कॅपॅसिटरांच्या द्रावणात आवश्यक घटक नव्हते किंवा अपुरे होते, असे आढळले. इथपर्यंत अस्सल कागद. चोर मात्र बखरीत आहे. त्या वृत्तांतल्या शास्त्रज्ञाला नावच नाही. शिवाय २००५ साली डेलने सदोष संगणकांपोटी ३० कोटी डॉलर बाजूला काढले, त्या प्रकरणातले कॅपॅसिटर निचिकॉन या जपानी कंपनीचे होते. पळवलेल्या सूत्राच्या कथेत त्यांना जागाच नाही. राजवाड्यांनी बखरींना लावलेली कसोटी इथे लावली, तर माझ्या मते एवढेच म्हणता येते: सूत्र अपुरे होते हे सिद्ध आहे, ते चोरीचे होते हे संभाव्य आहे, आणि सगळ्या मेलेल्या बोर्डांचे कारण तेच, हे चूक आहे.

बोर्ड दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालू झाला. डोंगल लावले, पहिली फाईल उघडली: नंदादीपाच्या तेलाची नेमणूक, खाली आजोबांची टीप, ‘शिक्का अस्पष्ट’. आता युनिकोडमध्ये रूपांतर सुरू आहे. त्यात ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यांची गल्लत होते, म्हणून प्रत्येक पान डोळ्यांनी तपासावे लागते. ८६ पाने झाली, १४० राहिली आहेत. उन्हाळ्यात यंत्र तासाभराहून अधिक चालू ठेवत नाही.