नदीकाठची तीन कॉलेजं

मैत्रिणींनो, लेक अमेरिकेत शिकायचं म्हणते? मग मॅसॅच्युसेट्समधल्या कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात मनानं एक चक्कर मारून या. पश्चिमेला नॉर्थॅम्प्टनचं स्मिथ, नदीपलीकडे अ‍ॅमहर्स्ट, नि त्याच्या दक्षिणेला साउथ हॅडलीत १८३७ सालचं माउंट होल्योक. स्मिथ आणि होल्योक मुलींची, अ‍ॅमहर्स्टमध्ये मुलं-मुली दोन्ही. तिन्ही लहान, १९६५ पासून एका संघात असल्यानं एकीकडची विद्यार्थिनी दुसरीकडे जाऊन एखादा विषय शिकू शकते.

यादी करताना मात्र नुसत्या नावाला भुलू नका. अ‍ॅमहर्स्टला दहांतले सुमारे नऊ अर्ज परत जातात. होल्योकला संधी बरीच जास्त. अ‍ॅमहर्स्ट परदेशी मुलांनाही ऐपत न पाहता निवडतं. बाकी दोन्हीकडे परदेशी मुलीनं मदत मागितली, तर निवडताना तेही पाहतात; पण एकदा घेतलं की गरजेएवढी मदत देतात. तेव्हा अंथरूण आधीच मोजा. मदत हवी तर अर्जाबरोबरच मागा. मागाहून मिळेलच असं नाही.

शेवटी प्रत्येक नावापाशी लेकीला विचारा, "फक्त इथंच प्रवेश मिळाला, तर आनंदानं जाशील ना?" ती घुटमळली, तर ते नाव खुशाल खोडा.