पुळणीवरचे चाळीस तास

रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळ्याकडे निघाले की समुद्र डाव्या हाताला सोबत करू लागतो. अंतर सुमारे 25 किलोमीटरच. पण वळणे, चढउतार आणि सुरूची बने यांमुळे प्रवासाला निवांतपणा येतो. कोकणात वाळूच्या किनाऱ्याला पुळण म्हणतात. गावाचे नाव त्याच शब्दाच्या घरातले. डोंगराच्या पायथ्याशी, लाटांच्या अगदी जवळ, पश्चिमेकडे तोंड करून गणेशाचे स्वयंभू स्थान आहे. टेकडीलाच देवरूप मानल्यामुळे येथे प्रदक्षिणा घालायची ती संपूर्ण टेकडीला, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटरची. शेजारचे मालगुंड हे कवी केशवसुतांचे जन्मगाव.

येथे येणाऱ्या बहुतेकांचा दिवस एकसारखाच जातो. दर्शन, भोजन, वाळूत मुलांचा खेळ आणि शेवटी सूर्यास्त. समुद्र हा त्यांच्या लेखी एक देखावा असतो. त्या देखाव्याच्या आत कोणी राहते, ही जाणीव गणपतीपुळ्याला एकदा फार जवळून झाली.

13 नोव्हेंबर 2023, सोमवार. लक्ष्मीपूजन आदल्या रात्रीच आटोपले होते आणि सुट्टीमुळे किनारा पर्यटकांनी भरलेला होता. त्या सकाळी देवमाशाचे एक पिलू वाळूत अडकलेले आढळले. वीस फुटांच्या आसपास लांबी आणि काही टन वजन. निळ्या देवमाशाचे पिलू अशी त्याची ओळख सांगितली गेली. तिथी अमावास्येची होती. अमावास्येच्या सुमारास समुद्राला उधाण असते. भरती जितकी वर चढते, तितकीच ओहोटी खोल जाते. अशा पाण्यासोबत उथळ वाळूवर आलेल्या जड देहाला पुन्हा खोल पाणी गाठणे दुरापास्त होते.

पुढचे सुमारे चाळीस तास गावकरी, वनखात्याचे कर्मचारी, पशुवैद्यक आणि किनाऱ्यावर काम करणारी माणसे त्या पिलाभोवती राबत होती. अंगावर ओली कापडे घातली गेली, सतत पाणी ओतले गेले, सलाईन लावली गेली. यंत्रे आली, पट्टे आले, टगबोट आली. प्रयत्न फसले, पुन्हा झाले. अखेर पिलाला खोल समुद्रात नेऊन सोडण्यात यश आले आणि ही वार्ता महाराष्ट्रभर आनंदाने वाचली गेली. परंतु पिलू वाचले नाही. ते पुन्हा किनाऱ्याला लागले आणि तेथेच त्याचा अंत झाला.

इतक्या मेहनतीनंतर असे का व्हावे, याचे उत्तर देवमाशाच्या देहरचनेत आहे. नावात मासा असला तरी तो मासा नव्हे. तो फुप्फुसाने श्वास घेतो, त्याचे रक्त उष्ण असते, मादी गर्भ धारण करते आणि पिलाला दूध पाजते. जैन परिभाषेत सांगायचे तर हा गर्भज, पंचेंद्रिय जलचर. पाण्यात त्याचा प्रचंड भार पाणीच तोलून धरते. वाळूवर तोच भार त्याच्या छातीवर आणि फुप्फुसांवर येतो. थंड पाण्यात ऊब राखणारा कातडीखालचा चरबीचा थर उन्हात वैरी ठरतो आणि देह आतून तापत जातो. ओली कापडे म्हणूनच घातली होती. ती निव्वळ माया नव्हती, उपचार होता.

याहून मोठी अडचण वयाची होती. निळ्या देवमाशाचे नवजात पिलूच सुमारे सात मीटर, म्हणजे तेवीस फूट लांब असते. त्याला दिवसाला दोनशे लिटरहून अधिक दूध लागते आणि त्यावर त्याचे वजन रोज ऐंशी-नव्वद किलोने वाढते. गणपतीपुळ्याला आलेले पिलू लांबीच्या मानाने तान्हेच म्हटले पाहिजे. त्याला समुद्र परत मिळाला. आई मिळाली नाही. अशा बाळाला जगवण्याचा दुसरा कोणताही मार्ग माणसाच्या हाती नाही.

याच किनाऱ्यावर, जयगडच्या खाडीपलीकडे गुहागरला, निसर्गाने नेमका उलटा मार्ग धरलेला दिसतो. तेथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण वाळूत अंडी घालते आणि मागे वळूनही न पाहता निघून जाते. पिलांना आई कधी भेटतच नाही. अंड्यातून बाहेर पडली की ती थेट लाटांकडे धावतात. फेब्रुवारी 2023 मध्ये गुहागरच्या एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले गेले आणि तिला ‘बागेश्री’ असे रागाचे नाव मिळाले. ती दक्षिणेकडे जात श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात पोहोचली. अनाथपण एकाच्या बाबतीत जन्मसिद्ध व्यवस्था आहे, तर दुसऱ्याच्या बाबतीत मृत्यूची सूचना.

बागेश्रीला नाव रागाचे मिळाले, पण खरा गायक आहे तो देवमासाच. माणसाच्या कानाला साधारण 20 हर्ट्झपासून पुढचे स्वर ऐकू येतात. काळी एकमध्ये जुळवलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सुमारे 69 हर्ट्झचा असतो. त्याखाली आणखी दोन सप्तके उतरले तर 17 हर्ट्झच्या आसपास पोहोचता येईल, आणि निळ्या देवमाशाचे कित्येक स्वर इतक्या खालचे असतात. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्या गायनातले काही कळत नाही. पाण्यात मात्र असा मंद्र नाद शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. समुद्रागणिक त्यांची गाणीही वेगळी असतात, त्यामुळे ध्वनी ऐकून कोणता समूह कुठे वावरतो हे ओळखता येते. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीजवळ पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिमुद्रकांत निळ्या देवमाशांचे गाणे सापडले. ते संशोधन 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या जहाजांच्या पंख्यांचा आवाजही नेमका याच खालच्या पट्टीत असतो, ही त्यांच्या आयुष्यातली नवी अडचण.

अरबी समुद्रातल्या कुबड्या देवमाशांची कथा आणखी निराळी. जगातले त्यांचे बहुतेक भाऊबंद ऋतूप्रमाणे थंड समुद्र आणि उष्ण समुद्र यांच्यामध्ये ये-जा करतात. हे मात्र वर्षभर येथेच राहतात. 2017 च्या अखेरीस ओमानच्या किनाऱ्यावर अशा एका मादीला उपग्रह-यंत्र लावले गेले. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, पुढे दक्षिणेकडे गेली आणि परत ओमानला पोहोचली. तिचे नाव ‘लुबान’. शेपटीवरची खूण ऊदाच्या झाडासारखी दिसते म्हणून हे नाव पडले; व्यापारी घरांना परिचित असलेला लोबान हा शब्द त्याच अरबी शब्दावरून आलेला. शतकानुशतके ज्या समुद्रमार्गाने ऊद आणि मिरी यांची ने-आण झाली, त्याच मार्गाने ही मादी कोणताही माल न घेता येऊन गेली.

व्यापाराचा देवमाशाशी आलेला संबंध मात्र इतका निरुपद्रवी नव्हता. त्याच्या चरबीच्या तेलावर युरोप-अमेरिकेतले दिवे जळले, साबण झाले. जबड्यातल्या लवचीक पट्ट्यांपासून स्त्रियांच्या तंग पोशाखांचे साचे झाले. अत्तराच्या धंद्यातले अंबर हे स्पर्म जातीच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होते. आज भारतात त्याची खरेदी-विक्रीच काय, ते जवळ बाळगणेही गुन्हा आहे. वाफेची जहाजे आणि स्फोटक भाले आल्यावर विसाव्या शतकात एकट्या दक्षिण गोलार्धात तीन लाखांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. अरबी समुद्रही सुटला नाही. 1966 च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी नियम धाब्यावर बसवून येथले दोनशेहून अधिक कुबडे देवमासे मारले, आणि ही गोष्ट जगाला कळायला पुढे सुमारे तीन दशके लागली. हिंदी महासागर 1979 मध्ये देवमाशांचे अभयक्षेत्र ठरला. व्यापारी शिकारीवरील जागतिक स्थगिती 1982 मध्ये ठरून 1986 पासून लागू झाली. नफ्याचा एक भरभराटीचा धंदा जगाने ठरवून बंद केला, याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

जैन वाचकांना येथे तंदुल मत्स्याची कथा आठवल्यावाचून राहणार नाही. महामत्स्याच्या उघड्या मुखातून सुटून जाणारे मासे पाहून, आपण असतो तर एकही सोडला नसता, असे मनात म्हणणारा तो तांदळाएवढा जीव. हिंसा त्याच्या हातून झालीच नाही, तरी बंध पडला तो भावाचा. गणपतीपुळ्याच्या त्या चाळीस तासांत घडले ते याच्या उलट बाजूचे होते. कृतीला फळ आले नाही. भाव मात्र शंभर-दोनशे माणसांचा एक झाला होता. पिलू शेवटी गेलेच, मग एवढा खटाटोप कशाला, असे म्हणणारेही त्या वेळी भेटले असतील. त्यांना तांदळाएवढ्या माशाचा हिशेब दाखवता येईल.

फळ येणारी करुणाही या किनाऱ्यावर आहे, आणि तिचे अर्थशास्त्र व्यापारी मनाला पटण्यासारखे आहे. जाळ्यात कासव, देवमासा, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क यांसारखा संरक्षित जीव अडकला तर त्याला सोडवण्यासाठी जाळे कापावे लागते. जाळे हे मच्छीमाराचे भांडवल. ते कापणे म्हणजे दुकानदाराने स्वतःच्या हाताने माल जाळण्यासारखे. पूर्वी अनेकदा जीव मरेपर्यंत वाट पाहिली जाई, ती क्रौर्यामुळे नव्हे, तर या तोट्याच्या भीतीने. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2018 मध्ये अशा कापलेल्या जाळ्याची भरपाई देण्याची योजना सुरू केली. रक्कम जास्तीत जास्त 25,000 रुपये. मच्छीमाराने जाळे कापताना आणि जीव पाण्यात सोडताना छायाचित्रे किंवा चित्रफीत घ्यायची आणि ती अर्जासोबत द्यायची. त्यामुळे आता कोकणातल्या कित्येक होड्यांवर, जाळ्यात काही मोठे धडपडू लागले की कोयता हाती घेताघेताच दुसऱ्या कोणाला तरी मोबाइल काढायला सांगितले जाते.